एक कमी सत्तर

९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून लिहायला बसले. परवा मी "यंदा तीन गेले" म्हटलं आणि तू घाबरून बाबांना फोन लावलास. माणसं नव्हेत गं, ऑर्का गेले. तू ज्यांना "तुझे काळे-पांढरे मासे" म्हणतेस ते. (मासे नाहीत ते. आपल्यासारखेच श्वास घेतात, पिल्लांना दूध पाजतात. हे मी तुला दहाव्यांदा सांगते आहे.)

पाण्यातल्या जनावरांची शिरगणती करतात तरी कशी, असं तू विचारलं होतंस. ती काय दारात येऊन नावं सांगतात का, म्हणालीस. जवळजवळ तसंच आहे. प्रत्येकाच्या पाठीवर उभा पर असतो आणि त्याच्या मागे करडा डाग. कुणाच्या पराला खाच, कुणाचा पर वाकलेला, कुणाचा डाग अर्धवट. दोघांचं सारखं कधी नसतं. धक्क्यावरच्या बर्फाच्या गोदामावर माझी खोली आहे, तिथल्या तीन भिंती या फोटोंनी भरल्यात. एकतीस वर्षांचे फोटो आहेत. मी आले तेव्हा पहिल्या दोन भिंती भरलेल्याच होत्या.

हे प्राणी जन्मभर आईचं कुटुंब सोडत नाहीत, तीस-तीस वर्षांचे बाप्येसुद्धा. त्यामुळे आमचा नियम सोपा आहे: हंगामभर कुटुंब दिसलं आणि एखादा त्यात एकदाही दिसला नाही, तर तो गेला. मेलेला ऑर्का बहुतेक वेळा बुडतो, हाती लागत नाही. शरीराची वाट बघत बसलो तर आमच्याकडे कुणी मरणारच नाही.

मागच्या वर्षी एकाहत्तर होते. एक पिल्लू झालं. एक नर मरून किनाऱ्याला लागला, मागच्या वर्षीचं एक पिल्लू गेलं, आणि थोरली गेली. थोरली म्हणजे सगळ्यांत वयस्क मादी. तिचं कुटुंब यंदा एकोणीस वेळा दिसलं. ती एकदाही त्यात नव्हती. एकोणसत्तर झाले.

काल आमच्या मोजणी केंद्राच्या साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. म्हणाले, "थोरलीचं शरीर मिळालं?" मी म्हटलं, नाही. "मग आपण तिला मारणारे कोण? सत्तर लिहा."

आत्या, सत्तरच्या खाली आकडा गेला की उन्हाळाभर खाडीतल्या सगळ्या मालवाहू जहाजांना वेग निम्मा करावा लागतो आणि नव्या मालधक्क्याची परवानगी थांबते. तसं लिहूनच ठेवलंय सरकारने. सगळं येऊन अडलंय ते थोरलीवर.

तू तीस वर्षं जनगणनेत काढलीस. अशा वेळी काय करायचं असतं?

तुझी,
टिटवी

---

२० सप्टेंबर

टिटवे,

पत्र मिळालं. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून आलेला पोस्टमन माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच त्याच्या गुडघ्यांना जबाबदार आहे. माझेच मला झेपत नाहीत.

तू विचारलंस म्हणून सांगते. सत्तर लिहून अहवालावर सही कर. खाली बारीक अक्षरात टीप लिही, "एक मादी या हंगामात आढळली नाही." टीप लिहिली की तुझं मन साफ, आणि टीप कुणी वाचत नाही म्हणून साहेब खूश. पुढच्या वर्षी तिला वजा कर. एका जिवाचा हिशेब वर्षभर उशिरा लागला तर जग बुडत नाही. मीही केलंय तसं. बुडलं नाही.

तुझी नोकरी वर्षावर्षाच्या कराराची आहे हे विसरू नकोस. लहानपणी तू पाहुण्यांच्या तोंडावर "तुम्ही मागच्या वेळीही हेच सांगितलं होतं" म्हणायचीस. तेव्हा सगळे हसले. साहेब हसणार नाहीत.

तुझ्या बापाने माझं ते जनगणनेचं प्रशस्तिपत्र पुन्हा नव्या चौकटीत घालून आणलं. आता ते दारातून आत आल्याबरोबर समोरच दिसतं.

नीट जेव. बर्फाच्या गोदामावर राहतेस, पायांत मोजे घाल.

आत्या

---

१ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

मोजे घातलेत. सही केली नाही.

"एका जिवाने काय होतंय" हे मी साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं. तुझ्याकडून येईल असं वाटलं नव्हतं. म्हणून नीट समजावते, रागावू नकोस.

थोरलीला पिल्लं होण्याचं वय केव्हाच संपलं होतं. साहेबांच्या मते म्हणूनच ती असली काय, नसली काय. पण मासे कमी पडतात त्या वर्षी कळपाच्या पुढे अशी म्हातारीच असते. कुठल्या महिन्यात कुठल्या नदीच्या तोंडाशी मासा येतो हे तिला ठाऊक असतं. ती पकडलेला मासा तोडून मुलाला देते, तीस वर्षांच्या घोड्याला. आई गेली की असे मुलगे पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांत जातात. म्हणजे थोरली गेली याचा अर्थ फक्त एक कमी झाला असा नाही. तिच्या मागे कोण कोण धोक्यात आहे, ते त्या आकड्यात आहे. आणि हे सगळे भक्ष्य शोधतात आवाज सोडून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून. जहाज वेगाने गेलं की त्याच्या गोंगाटात तुला फोनवर होतं तसं त्यांचं होतं. फक्त उरलेलं मनाने भरता येत नाही, उपाशी राहावं लागतं.

साहेबांना हे सगळं सांगितलं. ते वाईट मनुष्य नाहीत, खरंच नाहीत. चहा मागवला, दार लावलं आणि म्हणाले, "धक्का थांबला तर आपलं केंद्रही बंद करतील. मग एकोणसत्तर कोण मोजणार?"

मी म्हटलं, "आणि सत्तर लिहिले तर ते कुणी मोजलेत?"

चहा तसाच राहिला.

तू लिहिलंस, "मीही केलंय तसं." काय केलंयस?

टिटवी

---

२४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र नाही. गुडघा जास्त दुखतोय का? बाबा म्हणाले, तू बरी आहेस पण बोलत नाहीस.

इथे सगळं ठीक. हवा गार झाली आहे. आकड्याबद्दल २२ नोव्हेंबरला सकाळी जाहीर सुनावणी आहे, गावातल्या शाळेच्या सभागृहात. सरकारची तीन माणसांची समिती येणार. कुणालाही बोलता येतं. साहेब सत्तर सांगणार, मी एकोणसत्तर. काळजी करू नकोस. काम नेहमीसारखं चालू आहे.

टिटवी

---

३० ऑक्टोबर

टिटवे,

तुझी आधीची दोन पत्रं केंद्राच्या छापील कागदावर होती, वर कोपऱ्यात निळा मासा. (मासा नव्हे, माहीत आहे.) हे पत्र वहीतून फाडलेल्या पानावर आहे. "काम नेहमीसारखं चालू आहे" हे वाक्य तू कधी लिहीत नाहीस. काम नेहमीसारखं चालू असलं की तू चार पानं कामाबद्दलच लिहितेस. मी घरोघरी जाऊन माणसांची उत्तरं लिहून घेतलीत. खोटं बोलणारा नेमका किती कमी बोलतो ते मला कळतं.

तुला काढलंय. कधी?

आता मी उत्तर देते. महिनाभर देत नव्हते, कारण पाच वेळा लिहून फाडलं.

मी चौतिसाची होते. शाळेतून मला जनगणनेला घेतलं होतं, एका वॉर्डाची यादी माझ्याकडे. वॉर्डाच्या वरच्या अंगाला खडीची खाण होती आणि खाणीला लागून झोपड्या. पत्रा, गोणपाट, बांबू. कुणी तिकडे जात नसे. मी गेले. तीन दिवस एकेका दारात वाकून आत डोकावले. दोनशे बारा माणसं. त्यांनी मला प्यायला पाणी दिलं, बसायला उलटी बादली दिली. एका बाईने विचारलं, "लिहिल्यावर काय होतं?" मी म्हटलं, लिहिल्यावर तुम्ही आहात हे सरकारला कळतं.

यादी दिली तेव्हा वरच्या अधिकाऱ्याने ती वाचली आणि परत केली. म्हणाला, "हे लोक चार महिन्यांत निघून जातील. यांना धरलं तर वॉर्डाची संख्या वाढते, शाळा आणि पाणी मंजूर करावं लागतं, आणि मग ते रिकाम्या खाणीला. यादी पुन्हा लिहा."

मी पुन्हा लिहिली. जुनी माझ्या हाताने फाडली. टीपसुद्धा लिहिली नाही, टिटवे. तुला जो शहाणपणा शिकवला, तेवढाही मी केला नव्हता.

ते लोक गेले नाहीत. पुढच्या जनगणनेपर्यंत नळ खालच्या रस्त्यावर थांबला तो थांबला. ते खाणीत साठलेलं पाणी प्यायचे. तापाची साथ आली. किती पोरं गेली ते मला माहीत नाही. कुणालाच नाही, कारण ती कागदावर नव्हतीच.

त्या वर्षी मला "निर्दोष कामगिरी"चं प्रशस्तिपत्र मिळालं. आज सकाळी मी ते उतरवलं. तुझा बाप विचारेल, तेव्हा त्याला काय सांगायचं ते मी बघेन.

सही करू नकोस.

आत्या

---

८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

९ ऑक्टोबरला. "शिस्तभंग" असं कागदावर आहे. खोलीची किल्ली घेतली. भिंतीवरचे फोटो आत आणि मी बाहेर. सध्या धक्क्यामागच्या गल्लीत, जाळी विणणाऱ्या एका बाईंच्या माळ्यावर राहते. उभं राहिलं की डोकं लागतं, म्हणून बसूनच विचार करते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. "तुझा राग नाही आला" असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. आला. तुझाच आला. लहानपणी तू मला तुझ्या मांडीवर बसवून सांगायचीस, मोजणाऱ्याने दमायचं नसतं. मी तेच ऐकून या कामात आले. तेव्हा तुला हे सगळं माहीत होतं. हे मी एका दिवसात पचवू शकत नाही. पण तू लिहिलंस, आणि बाबांच्या आधी मला लिहिलंस, हेही मी बाजूला ठेवू शकत नाही.

कामाचं सांगते. फोटो अडकलेत, तरी मार्ग निघाला. खाडी ओलांडणारी फेरीबोट आहे ना, तिचे सारंग, म्हणजे बोट चालवणारे, बावीस वर्षं याच पाण्यावर आहेत. बोटीला आडवं काय आलं, कधी, कुठल्या बाजूने, हे त्यांना नोंदवावंच लागतं. त्यांनी नोंदवह्या माझ्यापुढे टाकल्या. थोरलीला ते "मोडक्या शिडाची" म्हणतात, तिचा पर टोकाला वाकलाय म्हणून. मागच्या हंगामात ती त्यांच्या वहीत सव्वीस वेळा आहे. यंदा शून्य. मी म्हटलं, सुनावणीला याल? ते म्हणाले, "मालधक्का झाला तर मला मोठ्या बोटीवर जागा देणार आहेत." मग वह्या उचलून म्हणाले, "किती वाजता यायचं?"

तू येऊ नकोस. शाळा चढावर आहे आणि तुझा गुडघा तसा.

टिटवी

---

२४ नोव्हेंबर

टिटवे,

तुला न सांगता आले आणि न सांगता निघाले, म्हणून चिडली असशील. परतीची बस दीडची होती आणि ती चुकली असती तर मुक्काम तुझ्या माळ्यावर, मी तर उभीही राहू शकले नसते.

चढ मी चार ठिकाणी बसून चढले. चौथ्या ठिकाणी एका माणसाने विचारलं, "आजी, कुणाला भेटायचंय?" मी म्हटलं, समितीला. तो मुकाट्याने हाताला धरून वर घेऊन गेला. सभागृहात गेल्यावर कळलं, ते तुझे साहेब.

मी बोलले तेवढं बोलले. पण मला त्या हॉलमध्ये कुणाचंही काही ऐकू आलं नाही, नुसते चेहरे दिसले. कोण काय म्हणालं, शेवटी काय झालं, सगळं लिहून कळव. काही गाळू नकोस.

आत्या

---

१२ डिसेंबर

प्रिय आत्या,

निकाल यायचा होता म्हणून थांबले. काल आला. पण तू म्हणालीस तसं, क्रमाने सांगते.

आधी साहेब बोलले. "शरीर नाही तर मृत्यू नाही. शास्त्राने घाई करू नये." शांत बोलले, समितीच्या माना हलल्या. मग मी. एकोणीस भेटी, एकतीस वर्षांचा नियम, आणि त्या नियमाने आजवर गेले म्हणून धरलेल्यांपैकी एकही परत आलेला नाही, हे सांगितलं. समितीतल्या बाईंनी विचारलं, "फोटो कुठे आहेत?" मी म्हटलं, "माझ्या खोलीत. किल्ली यांच्या खिशात आहे." मागून कुणीतरी हसलं. मग सारंगांनी वह्या उघडल्या आणि तारखा वाचायला लागले. सव्वीस तारखा, एकाच सुरात. संपल्यावर म्हणाले, "यंदा एकही नाही," आणि जाऊन बसले.

मग अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणी? मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली. मला आधी वाटलं, जाळीवाल्या बाई असतील.

अध्यक्ष म्हणाले, "आपण कोण? आपला या विषयाशी संबंध?" तू म्हणालीस, "मी मोजणारी." ते म्हणाले, "ऑर्का?" तू म्हणालीस, "चौर्‍याहत्तर." तुला वाटलं त्यांनी वय विचारलं. तेव्हाही लोक हसले. त्यानंतर कुणी हसलं नाही.

तू तेव्हा काय बोललीस ते तुला माहीत आहे, पण मी लिहून ठेवते, कारण समितीच्या इतिवृत्तात एवढंच आहे: "एका ज्येष्ठ महिलेने अनुभव कथन केला." तू म्हणालीस, "मी दोनशे बारा जिवंत माणसं कागदावर येऊ दिली नाहीत. तुम्ही एक मेलेली कागदावर जिवंत ठेवताय. दोन्हीला अक्षर तेवढंच लागतं. मी सही केली तेव्हा मला वाटलं, आकडा माझा आहे. तो आकडा त्यांचा होता, त्यांच्या पाण्याचा होता. ही पोरगी सही करत नाही. मला चाळीस वर्षांपूर्वी हे जमायला हवं होतं."

अध्यक्ष तीनदा म्हणाले, "आजी, वेळ संपला." तू प्रत्येक वेळी मान डोलावलीस आणि पुढे बोलत राहिलीस. ऐकू येत नाही याचा एवढा उपयोग मी कधी पाहिला नव्हता.

तू गेल्यावर साहेबांनी पुन्हा बोलायला परवानगी मागितली. उभे राहिले, बराच वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "केंद्राचा आकडा सत्तर आहे," आणि बसले. मला वाटलं होतं ते बदलतील. नाही बदलले. पण बाहेर पडताना त्यांनी किल्ली समितीच्या बाईंच्या हातात दिली. मागितली नसताना.

निकाल: एकोणसत्तर. मे ते सप्टेंबर सगळी जहाजं निम्म्या वेगाने. मालधक्का पुढच्या गणनेपर्यंत थांबला.

मला मात्र परत घेतलेलं नाही. केंद्राचं पत्र आहे की यापुढे खाजगी व्यक्तींची गणना ग्राह्य धरली जाणार नाही. ठीक आहे. सारंगांनी फेरीबोटीच्या वरच्या डेकवर मला एक बाक दिलाय. बोट दिवसाला सहा वेळा खाडी ओलांडते आणि सकाळी सातला सुटते. सकाळी जाळी विणते, दुपारी बोटीवर असते, सुट्टीच्या दिवशी सातलाच. मी मोजणार आणि दर महिन्याला आकडा समितीला, केंद्राला आणि बंदराला पाठवणार. ग्राह्य धरायचा की नाही ते त्यांनी बघावं. मिळाला नाही असं त्यांना म्हणता येणार नाही.

थोरलीचा मुलगा महिन्याभरात दिसलेला नाही. पण पुढचा हंगाम व्हायचाय, म्हणून मी त्याला वजा केलेलं नाही. नियम मला आवडो न आवडो, दोन्हीकडून सारखाच.

राग अजून थोडा आहे. पत्रातून जाईल असं वाटत नाही. तू इथे ये, किंवा मी येते.

टिटवी

---

१६ जानेवारी

टिटवे,

आधी एक दुरुस्ती. "वेळ संपला" हे मला तिन्ही वेळा ऐकू आलं होतं.

मी जनगणना कार्यालयाला पत्र लिहिलं. वॉर्ड, वर्ष, माझं नाव, मी काय केलं ते. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: "सदर कालावधीची आकडेवारी अंतिम झाली असून तीत दुरुस्तीची तरतूद नाही. आपल्या दीर्घ सेवेबद्दल आभार." मी उलट लिहिलं, आभार नकोत, तरतूद करा. त्याला अजून उत्तर नाही. आणखी एक पाठवणार आहे. पोस्टमन आता माझ्याशी बोलत नाही.

तुझ्या बापाला सगळं सांगितलं. त्याने चौकट हातात घेतली. मग म्हणाला, "ताई, चौकटीचं काय करू?" मी म्हटलं, आरसा बसव. तो रुसून गेला. दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, "खाणीपर्यंत रिक्षा जाते, मी चौकशी केली."

तर आम्ही गेलो. खाण बंद आहे, तळ्यासारखं पाणी साठलंय. झोपड्यांच्या जागी विटांची घरं, वरपर्यंत नळ. मी पहिल्याच दारात थांबले. आतून एक बाई आली, साठीच्या पुढची. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "तुम्ही वहीवाल्या बाई. आमच्या दारात पाणी प्यायलात." तिने खुर्ची आणून दिली.

मी सांगितलं. यादी फाडली तेसुद्धा सांगितलं. तिने ऐकून घेतलं. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही, आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती. आत गेली. मला वाटलं, आता दार लावेल. ती मुलीच्या मुलीची वही आणि पेन घेऊन आली, माझ्या मांडीवर ठेवली.

म्हणाली, "लिहा आता. पहिलं नाव माझ्या धाकट्या भावाचं. चार वर्षांचा होता. तुम्ही आलात तेव्हा बादलीमागे लपला होता."

लिहिलं. मग ती शेजारच्या घरी घेऊन गेली, तिथून पुढच्या. कुणाला दोन आठवली, कुणाला नऊ. एका म्हाताऱ्याने मला हाकलून दिलं, ते बरोबरच केलं. त्याच्या बायकोने मागच्या दाराने येऊन सहा नावं सांगितली. तुझा बाप मागे वही धरून चालत होता आणि कोण जिवंत, कोण गेलं, ते वेगळ्या रकान्यात लिहीत होता. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मला या वयात कळलं.

आतापर्यंत सत्तेचाळीस झाले. गुडघा सुजलाय. उद्या नऊ वाजता रिक्षा सांगितली आहे.

आत्या